स्कॉटलंडचे दगड उचलायला निघालेल्यांसाठी

जुलै-ऑगस्ट आला की मला ठरावीक फोन येतात. कधी कोथरूडच्या जिममधला कुणी, कधी पेठेतल्या तालमीतला. "मॅडम, एमएस्सीला अ‍ॅबरडीनला चाललोय. डिनी स्टोन, ते कड्या बसवलेले दोन प्रसिद्ध धोंडे, उचलायचेत. तुमचं तिकडे जाणं-येणं असतं ना, जरा सांगा." लेक तिथे राहते म्हणून माझं जाणं-येणं आहे, हे खरं. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, आता घरी असते. वजन उचलण्यातलं मला फार कळत नाही, पण दगड कळतो. तो ज्यांच्या दारात पडलेला आहे ती माणसंही थोडीफार कळली आहेत. फोनवर पुन्हा पुन्हा तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात वाड्यावस्त्यांवर, गढ्यांच्या दारात, चर्चच्या आवारात असे दगड असत. गावातल्या पोराने तो उचलला की पोरगा मोठ्या माणसांत जमा. आपल्याकडे मारुतीच्या पारापाशी गोटा असायचा, त्याचंही काम तेच. तिकडचे पुष्कळ दगड आता नाहीत. बाल्क्विडर गावात, जिथल्या चर्चच्या आवारात रॉब रॉय मॅकग्रेगर या दंतकथा बनलेल्या बंडखोराची कबर आहे, तिथे पुटराख नावाचा दगड होता. मूळचा हरवला. आज तिथे ओट्यावर चढवायचा असतो तो नंतर आणून ठेवलेला दगड. लोक येतात, उचलतात, खूश होऊन जातात. पण जुन्या दगडावर शंभर-दोनशे वर्षांच्या हातांनी जी झीज झाली होती ती नव्या दगडावर कुठून आणणार?

सगळ्यांना उचलायचे असतात ते डिनी स्टोन अ‍ॅबरडीनच्या पश्चिमेला साधारण 40 किलोमीटरवर, पोटार्कला आहेत. तिथे डी नदीवर थॉमस टेलफर्डने बांधलेला दगडी पूल आहे. त्या पुलाच्या दुरुस्तीच्या वेळी मचाणाला वजन म्हणून ग्रॅनाइटचे दोन धोंडे वापरले आणि त्यांना लोखंडी कड्या बसवल्या. एक धोंडा 188 किलोचा, दुसरा साडे-144 चा. 1860 मध्ये डॉनल्ड डिनी या पहिलवानाने दोन्ही धोंडे एकाच वेळी दोन हातांत धरले आणि पुलाच्या एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत, म्हणजे पाचेक मीटर, नेले असं सांगतात. त्याचे वडील रॉबर्ट दगडकाम करणारे गवंडी होते. पुढे लोक हे दगड विसरले. 1953 मध्ये डेव्हिड वेबस्टर यांनी ते पुन्हा शोधून काढले, आणि तेव्हापासून जगभरातून माणसं पोटार्कची वाट धरतात.

यातली एक गोष्ट मुलींसाठी. 1979 मध्ये जॅन टॉड या अमेरिकन पॉवरलिफ्टरने मनगटाला बांधून कडीला गुंडाळायचे पट्टे वापरून हे दोन्ही दगड उचलले होते. पट्टे लावले तर तसं सांगायचं, नुसत्या हातांनी उचलले तर तसं. तिकडे हा फरक फार काटेकोरपणे पाळतात. पट्ट्यांनी उचलून नुसत्या हातांनी उचलल्याचा फोटो टाकणाऱ्याला दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही.

आता मुद्द्याचं. दगडाला हात लावण्याआधी तो कुणाचा आहे ते शोधा. आपल्या मुलांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की स्कॉटलंडमध्ये कुठेही जायला परवानगी लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने तिथे डोंगर, रान, माळ, तळी-नद्या यांवर कुणालाही फिरायचा हक्क दिला आहे. पण तो हक्क नीट वागण्याच्या अटीवर आहे, आणि नीट वागणं म्हणजे काय हे सांगणारी आचारसंहिता 2005 पासून लागू आहे. त्यातल्या तीन गोष्टी अशा: दुसऱ्याच्या सोयी-गैरसोयीचा विचार करा, निसर्गाला धक्का लावू नका, आपल्या वागण्याची जबाबदारी आपण घ्या. घर आणि त्याभोवतीची बाग-अंगण, इमारती, उभं पीक असलेलं शेत, शाळेचं आवार या जागा त्या हक्कात येत नाहीत. मोटारही येत नाही; हक्क पायी चालणाऱ्याचा, सायकलवाल्याचा, घोडेस्वाराचा. शिवाय कायदा तुम्हाला जमिनीवरून जाऊ देतो, त्या जमिनीवरची वस्तू तुमची करत नाही. दगड उचलून दोन पावलं चाललात ती कसरत. गाडीत घातलात तर चोरी.

म्हणून प्रत्येक दगडाची तऱ्हा वेगळी. पोटार्कला दगड उपाहारगृहापाशी आहेत आणि त्यांची देखभाल करणारी स्थानिक माणसं आहेत. आधी दिवस ठरवून जायचं आणि ती माणसं सांगतील तसंच करायचं. थेट जाऊन कड्यांना हात घालायचा नाही. इन्व्हरचा दगड बाल्मोरल या राजघराण्याच्या वाड्याजवळ, डी नदीच्याच काठच्या मुलखात. 120 किलोच्या आसपासचा, गुळगुळीत, हातात न मावणारा. कॉडरजवळचा बेरव्हनचा दगड पडक्या चर्चच्या आवारात आहे. तिथे चहूबाजूंना थडगी आहेत. थडग्यावर बॅग ठेवायची नाही, थडग्याच्या दगडाला टेकून बूट बांधायचे नाहीत, मोबाइलवर गाणी लावायची नाहीत. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

परवानगीचं पत्र किंवा ईमेल छोटा ठेवा. आपण कोण, किती जण येणार, कोणता दिवस, गाडी कुठे लावणार, व्हिडिओ काढणार का, एवढंच. शेवटी लिहा की जमत नसेल तर काही हरकत नाही, आणि ते मनापासून लिहा. उत्तर आलं नाही तर तो होकार धरायचा नाही. दुपारी 1 ते 4 मध्ये बेल वाजवणाऱ्याचं काय होतं हे पुणेकरांना मी काय सांगावं; तिकडच्या शेतकऱ्यालाही जेवणवेळ असते. एप्रिल-मे मध्ये मेंढ्या वितात, तेव्हा कुरणातून टोळकं घेऊन जाऊ नका. ऑगस्ट ते ऑक्टोबर डोंगरात हरणांची शिकार जोरात असते, तेव्हा आडरानात जाण्याआधी चौकशी करा. फाटक उघडं होतं तर उघडं ठेवा, बंद होतं तर बंद करा. अरुंद रस्त्यांवर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी जागोजागी रुंद कोपरे ठेवलेले असतात, ते पार्किंग नव्हे. खरं तर मी असते तर गाडी घेतलीच नसती. डी नदीच्या कडेने अ‍ॅबरडीनहून बस जाते, पुढे पायी.

आता दगडाची काळजी. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण जिममधून आलेली मुलं या बाबतीत अगदी कोरी असतात. त्यांना वाटतं ग्रॅनाइट आहे, त्याला काय होतंय.

ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे एकमेकांत गुंतलेले खडे. ओरखडा काढायला कठीण, पण आपटण्याला तो दाद देतो. हातभर उंचीवरून 120 किलो खाली आले आणि खाली दुसरा दगड असला, तर कडेची टवकी उडते. ती टवकी परत बसत नाही. आतल्या बाजूला केसाएवढी चीर पडली तर दिसतही नाही. त्यात पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना साधारण 9 टक्क्यांनी फुगतं, आणि काही हिवाळ्यांनी दगड आपणहून उलतो. तेव्हा तुम्ही पुण्यात नोकरी करत असता आणि दोष तिसऱ्याच कुणावर येतो. म्हणून दगड टाकायचा नाही, उतरवायचा. डोक्यावरचा भरलेला हंडा खाली ठेवताना गुडघे आणि कंबर जशी एकत्र वाकतात, तसं. उतरवण्याइतकी ताकद उरणार नसेल तर त्या दिवशी उचलूच नका. खाली हिरवळ असेल तर उत्तम. फरशी किंवा खडक असेल तर जाड रबरी चटई सोबत न्या. विमानात नेण्याची गरज नाही, तिकडे मिळते.

हाताला लावायचा पांढरा चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, चालतो, पण जपून. नंतर मऊ ब्रश आणि साधं पाणी घेऊन दगड पुसून काढायचा. तारेचा ब्रश नाही, साबण नाही, अ‍ॅसिड तर मुळीच नाही. टॅकी, म्हणजे पाइनच्या राळेचा तो चिकट गोळा, जुन्या दगडाला कधीही लावू नका. ती राळ दगडाच्या खड्ड्यांत बसते, धूळ धरून काळी पडते आणि काढायला रसायन लागतं. रसायनाने दगडावरचं दगडफूल मरतं. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूलही याच कुळातलं. दगडाला चिकटून पसरणाऱ्या जाती वर्षाला मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी वाढतात. बशीएवढा गोल डाग दिसला तर तो तुमच्या आजोबांच्या वयाचा असू शकतो. हात जिथे लागतात तिथे तो नसतोच. बाकी ठिकाणी खरवडू नका.

पाऊस तिकडे कधीही येतो. ओला दगड निसटतो, दगडाचाही घात आणि पायाचाही. मग काही हुशार मंडळी गॅसची बत्ती घेऊन दगड वाळवतात. यावर मी वर्गात असते तर खडू फेकून मारला असता. ग्रॅनाइटमधले निरनिराळे खनिजकण तापल्यावर कमी-जास्त फुगतात आणि एकमेकांपासून सुटू लागतात. दक्षिण भारतात खाणीत आग लावून ग्रॅनाइटचे थर सोडवायची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते. म्हणजे तुम्ही बत्तीने दगड वाळवत नाही, सोलता. टॉवेल घ्या, टिपा, वाट बघा. नाही वाळला तर पोटार्कला चहा-केक घ्या आणि पुढच्या आठवड्याचा दिवस मागा.

कड्या असलेल्या दगडांत आणखी एक भानगड असते. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि ती तो भोवतीच्या दगडातून घेतो. कडीच्या भोकापाशी चीर, तांबूस ओघळ किंवा कडी हलत असलेली दिसली तर उचलू नका. देखभाल करणाऱ्याला दाखवा आणि तिथेच थांबा. कडी पिळून बघायची नाही, वर तेल सोडायचं नाही, रंग लावायचा नाही. पाथरवट दगड हातोडीने वाजवून त्याची तब्येत ओळखतो. तुम्ही पाथरवट नाही.

दगडाला हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. तो कुठल्या अंगावर बसलेला होता, कोणता कोपरा कुठे होता, हे नंतर आठवत नाही. उचलून झाल्यावर त्याच जागी, त्याच अंगावर ठेवा. "इथे उन्हात जरा बरा दिसेल" असं म्हणून हातभर सरकवणारेही मी पाहिले आहेत. एकाने हातभर, दुसऱ्याने हातभर, मग एक दिवस तो ओढ्यात सापडतो. चर्चचं पडकं आवार किंवा गढी संरक्षित स्मारक असेल तर तिथे परवानगीशिवाय खोदणं, हलवाहलव करणं हा 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणती जागा संरक्षित आहे याची यादी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेकडे असते आणि ती ऑनलाइन बघता येते. बघून जा.

दगडावर नाव, तारीख, वजन, काहीही लिहायचं नाही. शिवाजी महाराजांच्या नावाने घोषणा द्यायची हौस असेल तर माळावर जाऊन द्या, दगडावर भगवा रंग नको. गडावर आपण ज्यांना रागावतो त्यांच्यातलेच आपण तिकडे होऊ नये.

एखादा अप्रसिद्ध दगड कुणी तुम्हाला विश्वासाने दाखवला, तर त्याचा नकाशावरचा ठिपका इंटरनेटवर टाकायचा नाही. मालकाने हो म्हटलं तरच टाका. शेताच्या बांधावरच्या एका दगडासाठी एका रविवारी पाच गाड्या आल्या की पुढच्या रविवारी तिथे कुलूप दिसतं, आणि शेतकऱ्याचं काही चुकलेलं नसतं.

वजनाबद्दल. प्रत्येकाला आकडा हवा असतो आणि काटा कुणीच नेत नाही. टेपने भागवता येतं. दगडाची सगळ्यात मोठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, त्याला 0.52 ने गुणा. गोलसर दगडाचं घनफळ साधारण तेवढं येतं. ग्रॅनाइट असेल तर 2.65 ने गुणा, आपला काळा बेसाल्ट असेल तर 2.9 ने, आणि हजाराने भागा. समजा दगड 50, 42 आणि 38 सेंटिमीटर आहे. ग्रॅनाइटचा असेल तर साधारण 110 किलो, बेसाल्टचा असेल तर 120. आकार वेडावाकडा असेल तर उत्तर दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकतं, आणि बहुतेक वेळा जास्तच येतं, म्हणून फुशारकी जरा कमी करा. ही मापं, चारही बाजूंचे फोटो आणि दगडाच्या मालकाने सांगितलेली हकीकत, एवढं लिहून त्यांनाही एक प्रत द्या. उद्या दगड हरवला किंवा फुटला तर तोच पुरावा.

इथे सराव कसा करायचा हे मला विचारू नका, वस्तादांना विचारा. माझं म्हणणं एवढंच की वाळूच्या पोत्यावर सुरुवात करा. पोतं पकडायला अवघड, पण टाकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशा फुटून चेअरमनचं पत्र येत नाही. पुढे दगडच हवा असेल तर पाथरवटाकडून गोल करून घ्या. पुण्याभोवती काळा पाषाण आहे तेवढा कुठे नाही, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. देवळामागे पडलेली वीरगळ, गडावरचा दगडी तोफगोळा, जुन्या जात्याची तळी, यांच्यावर सराव करू नका. वीरगळीवर कुणाच्या तरी मरणाची हकीकत कोरलेली असते, आणि ती आधीच अर्धी झिजलेली असते.

दगड उचलायची रीत प्रत्येक जागेची वेगळी असते, हे मुलांना पटवायला मी खेड शिवापूरचं उदाहरण देते. कमर अली दरवेश यांच्या दर्ग्यात अकरा जण एकेक बोट लावून, बाबांचं नाव घेत दगड उचलतात. तिथे जाऊन कुणी म्हणत नाही की मी एकटा छातीपर्यंत घेतो, व्हिडिओ काढा. स्कॉटलंडमध्ये काही दगडांखालून नुसता वारा गेला, म्हणजे दगड जमिनीपासून सुटला, तरी उचलला असं धरतात. काही छातीपर्यंत घ्यायचे, काही ओट्यावर चढवायचे. आधी विचारा आणि तिथे मानतात तेवढंच करा. हात कोपरात वाकवून दगड ओढू नका, दंडाचा स्नायू फाटतो. बाकी तंत्र वस्तादांचं.

परतल्यावर एक काम करा. आपल्या गावच्या मारुतीपाशी, वेशीजवळ, जुन्या तालमीच्या अंगणात असा गोटा असतोच. रस्ता रुंद करताना तो भरावात जातो, नाहीतर ओट्याचं काँक्रीट ओतताना अर्धा बुडतो. बरेचदा त्याला ऑइलपेंट फासलेला असतो. शेंदूर लावून पूजा होत असेल तर तो देव झाला, त्याला हात लावायचा नाही. नुसता रंग असेल आणि गावाला काढायचा असेल, तर ग्राइंडर आणू देऊ नका. रंग काढायचं मऊ रसायन आधी तळाशी नाणंभर जागेवर लावून बघा, तेही गुरवाला किंवा सरपंचाला विचारून. काँक्रीट ओतायच्या आधी ठेकेदाराला गाठा. नंतर अर्ज करून दगड बाहेर येत नाही. टेप, फोटो आणि वही तीच घ्या जी तिकडे नेली होती. गावात कुणा म्हाताऱ्याला त्या गोट्याचं नाव किंवा तो उचलणाऱ्यांची नावं आठवत असतील, तर मापं राहू द्या. आधी त्यांच्याकडे जाऊन ती नावं लिहून घ्या, आणि वहीच्या त्या पानाचा फोटो गावच्या शाळेत द्या.